कॅनडाच्या विस्मृतीतल्या प्रॉग-रॉक एलपी घरी उतरवताना: कामाच्या नोंदी

२ नोव्हेंबर २०२५

कामाला आज हात घातला. सत्तरच्या दशकातल्या कॅनडाच्या प्रोग्रेसिव्ह रॉकच्या (प्रॉग, म्हणजे लांबलचक, गुंतागुंतीच्या रचनांचा रॉक), पण फारसं कुणी नाव न घेणाऱ्या एलपी एकेक करून धुवायच्या, सलग ऐकायच्या आणि संगणकावर उतरवून ठेवायच्या. रश या यादीत नाही, सागाही नाही. कॅनडाच्या या दोन प्रसिद्ध गटांविषयी जगभर लिहिलं जातं. मला हवेत ते मॉन्ट्रियलचे हार्मोनियम, मानेज, पोलेन, एत्सेतेरा आणि मोर्स कोड, क्यूबेक सिटीचे स्लोश, टोरांटोचे एफएम आणि क्लाटू, आणि वर सडबरीतला कानो हा गट. मॉन्ट्रियलला राहायला आल्यापासून गॅरेज सेल आणि जुन्या रेकॉर्डच्या दुकानांतून यातल्या बऱ्याच गोळा झाल्या आहेत. यातल्या कितीतरी एलपी इथे अजूनही माफक किमतीत मिळतात. हार्मोनियमचा दुसरा अल्बम वीस डॉलरच्या आसपास मिळून जातो. एत्सेतेरासाठी मात्र त्याच्या चारपट मोजावे लागले.

सीडी का नाही, असं कुणीही विचारेल. काहींच्या आहेत. प्रॉगक्यूबेक नावाच्या रेकॉर्ड कंपनीने मानेज, स्लोश यांचं काम पुन्हा बाजारात आणलं, आणि ते मनापासून केलेलं काम आहे. पण या लोकांनी अल्बम बांधले ते वीस-वीस मिनिटांच्या बाजूंनी. पहिली बाजू कुठे संपते, उठून रेकॉर्ड उलटायला लागते आणि मग दुसरी कशी उघडते, हे सगळं रचनेतच आहे. शिवाय माझ्याकडच्या प्रती पन्नास वर्षांच्या झाल्या. त्या आणखी झिजायच्या आत एकदा नीट उतरवून ठेवायच्या आहेत.

सामान: बेल्टवर चालणारं जुनं टर्नटेबल, त्यावर ऑडिओ-टेक्निकाचं व्हीएम९५ई कार्ट्रिज (सुई बसवलेला भाग), एक साधा फोनो प्रीअँप (टर्नटेबलचा क्षीण आवाज वाढवणारा), यूएसबी ऑडिओ इंटरफेस (तो आवाज संगणकात नेणारा), लॅपटॉप आणि ऑडॅसिटी हे ध्वनिमुद्रणाचं सॉफ्टवेअर. सुईचा भार २ ग्रॅम ठेवला आहे, छोट्या डिजिटल काट्यावर मोजून. टर्नटेबलच्या आर्मवरच्या (सुई धरणाऱ्या दांडीवरच्या) आकड्यांवर विसंबू नका. माझ्या आर्मवर २ दिसत होते तेव्हा काटा दीडच्या थोडा वर होता. हलकी सुई खाचेत नीट बसत नाही, उड्या मारते आणि रेकॉर्डचं जास्त नुकसान करते.

रेकॉर्डिंग २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ. वीस मिनिटांची एक बाजू साधारण ६९० एमबी होते. सर्वांत मोठा आवाज उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ दिला नाही.

९ नोव्हेंबर

पहिलाच दिवस घरघरीत गेला. हेडफोन लावला की खाली सतत एक गुणगुण. ऑडॅसिटीत स्पेक्ट्रम (कुठल्या कंपनसंख्येला किती आवाज आहे त्याचा आलेख) काढून पाहिला तर ६० हर्ट्झवर टोक, मग १२०, मग १८०. म्हणजे घरातल्या विजेची घरघर. टर्नटेबलची अर्थिंगची तार प्रीअँपच्या स्क्रूला घट्ट केली, थोडी कमी झाली. केबल बदलल्या, काही फरक नाही. दुपारभर हेच. शेवटी लॅपटॉपचा चार्जर काढला आणि आवाज एकदम गेला. लॅपटॉप आणि प्रीअँप वेगवेगळ्या प्लगांवरून जमिनीशी जोडले गेले की तारांचं वर्तुळ तयार होतं आणि त्यातून ही घरघर शिरते. आता बाजू उतरवताना लॅपटॉप बॅटरीवरच चालवते.

घरघर नंतर सॉफ्टवेअरने काढता येते, पण काढू नये. १२० आणि १८० हर्ट्झच्या जागेवर बास गिटार आणि सेलो असतात. तिथली पट्टी कापली की बासचे काही स्वर पोकळ वाटायला लागतात.

२२ नोव्हेंबर

धुण्याचं काम. डिस्टिल्ड वॉटर, त्यात एक पंचमांश आयसोप्रोपाइल अल्कोहोल आणि फिल्म धुताना वापरतात त्या फोटो-फ्लोचे चार-पाच थेंब. पहिल्या मिश्रणात फोटो-फ्लो जास्त पडलं. रेकॉर्ड वाळल्यावर दिव्याखाली तिरकी धरली की खाचांवर इंद्रधनुषी थर दिसत होता, आणि तासाभराच्या वाजवण्यानंतर सुईच्या टोकाला राखाडी गोळा. सगळ्या पुन्हा धुवाव्या लागल्या. आता मिश्रणाने धुतल्यावर नुसत्या डिस्टिल्ड वॉटरचा एक हात आणखी देते, आणि मगच वाळत ठेवते. नळाचं पाणी चालत नाही, त्यातले क्षार खाचेत बसतात.

ब्रश नेहमी खाचांच्या दिशेने, म्हणजे गोलच फिरवायचा. मधल्या कागदी लेबलवर पाणी जाऊ नये म्हणून प्लास्टिकची चकती दाबून धरते. सत्तरच्या दशकातल्या सेलेब्रासियाँ लेबलचा रंग पाण्याने लगेच सुटतो.

एक जपून ठेवण्यासारखी गोष्ट: ७८ आरपीएमच्या जुन्या रेकॉर्डना हे मिश्रण कधीही लावू नका. त्या लाखेच्या असतात आणि अल्कोहोलमध्ये लाख विरघळते. सांगलीचे काका फोनवर म्हणाले, "अगं, माझ्याकडे वडिलांच्या वेळच्या नाटकाच्या रेकॉर्डी आहेत, त्यांनाही हेच लावू का?" त्यांना म्हटलं, काका, एलपी असेल तर लावा. जाड, जड, ७८ची असेल तर फक्त डिस्टिल्ड वॉटर आणि दोन थेंब सौम्य साबण, आणि लगेच पुसून घ्या. घरघर शोधताना त्यांना ६०च्या जागी ५० हर्ट्झ, मग १००, मग १५० पाहायचं आहे. भारतातली वीज ५०ची.

६ डिसेंबर

हार्मोनियमपासून सुरुवात. हार्मोनियमचा गायक सर्ज फियोरी २०२५च्या २४ जूनला गेला, आणि तो दिवस फ्रेंच भाषक क्यूबेक प्रांताचा राष्ट्रीय सण. तेव्हापासून या रेकॉर्डला हात लावायचा धीर होत नव्हता.

१९७५चा दुसरा अल्बम, "सी ऑ नावे बझ्वँ द्यून सँक्येम सेझाँ". पाच गाणी, पहिली चार म्हणजे चार ऋतू आणि पाचवी रचना म्हणजे कुठल्याच पंचांगात नसलेला पाचवा ऋतू. "इस्त्वार साँ पारोल" नावाची ती रचना सतरा मिनिटांची, शब्दांशिवायची. रोलिंग स्टोन मासिकाने २०१५मध्ये जगातल्या पन्नास उत्तम प्रॉग अल्बमांची यादी केली, त्यात हा आहे. पण कॅनडातच टोरांटोच्या पश्चिमेला किती लोकांनी तो पूर्ण ऐकला असेल, हा माझा प्रश्न आहे.

उतरवणाऱ्यासाठी महत्त्वाची गोष्ट ही की या अल्बमात ड्रम नाहीत. बारा तारांची गिटार, बास, बासरी, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन, सर्ज लोकाचा मेलोट्रॉन (टेपवरचे सूर पट्ट्या दाबून वाजवायचं वाद्य) आणि पियानो. ड्रम असले की रेकॉर्डची टकटक त्यांच्या गोंगाटात लपते. इथे लपायला जागाच नाही. "इस्त्वार साँ पारोल"मध्ये बासरी एकटी उरते, तिच्यामागे मेलोट्रॉन जेमतेम ऐकू येतो, आणि नेमकी तिथे माझ्या प्रतीत टक, टक, टक. जूडी रिचर्ड्‌सचा शब्दांशिवायचा आवाज येतो तिथे तर प्रत्येक टक टोचते.

आज ऐकलेल्या प्रतीत साठ टक्के टकटक धुण्याने गेली असेल. उरलेली बरीचशी स्थिर विजेची आहे, असं संध्याकाळी लक्षात आलं. मॉन्ट्रियलच्या हिवाळ्यात हीटर चालू असला की घरातली हवा कोरडी पडते. आर्द्रतामापकावर २२ टक्के दिसत होते. रेकॉर्ड कव्हरातून काढताना हाताला चटका बसतो, आणि ती धूळ चुंबकासारखी ओढते. खोलीत ह्युमिडिफायर लावला आणि आर्द्रता चाळीसच्या वर नेली. तीच बाजू पुन्हा वाजवली तर टकटक निम्म्याहून कमी. जुनी कागदी आतली पाकिटं टाकून दिली, अँटिस्टॅटिक पाकिटं आणली. पन्नास पाकिटांचे तीस डॉलर गेले आणि या सगळ्या प्रकल्पात पैशाचा सर्वांत जास्त उपयोग इथेच झाला.

२० डिसेंबर

सुई बदलली. व्हीएम९५च्या अंगात त्याच कंपनीची मायक्रोलिनिअर, म्हणजे जास्त बारीक टोकाची सुई बसते, कार्ट्रिज पुन्हा जुळवायला लागत नाही, नुसती ओढून काढायची आणि दुसरी सरकवायची. किंमत नवीन कार्ट्रिजपेक्षा जास्त, तेव्हा आठवडाभर विचार केला. मग एका मित्राकडची मागून आणून आधी ऐकली.

कारण आतल्या खाचांचा प्रश्न सुटत नव्हता. रेकॉर्ड एकाच वेगाने फिरते, पण खाचेचा घेर आत येताना कमी होत जातो, त्यामुळे सुईखालून सरकणारी लांबी बाहेरच्या कडेला असते त्याच्या निम्म्याहूनही कमी होते. तेवढ्याच जागेत तेवढाच आवाज दाटीने कोरलेला. साध्या सुईला ते बारीक वळण पकडता येत नाही आणि स आणि श फाटतात. "इस्त्वार साँ पारोल" बावीस मिनिटांच्या बाजूच्या अगदी शेवटी संपते, आणि तिथे सगळी वाद्यं एकत्र येतात. जुन्या सुईने ते चुरगळल्यासारखं येत होतं. नव्या सुईने उलगडलं. शिवाय ही सुई खाचेच्या भिंतीला वेगळ्या उंचीवर टेकते, त्यामुळे आधीच्या मालकाच्या बोथट सुईने घासून टाकलेल्या जागेला ती फारशी लागतच नाही. ज्या दोन प्रती मी बाजूला ठेवल्या होत्या त्या परत वाजवण्याजोग्या झाल्या.

आधी उतरवलेलं सगळं पुन्हा करायला घेतलं. त्याला इलाज नाही. सुरुवातीलाच चांगली सुई घ्या.

३ जानेवारी २०२६

मानेज. आज सर्वांत मोठा धडा मिळाला, म्हणून सविस्तर लिहिते.

मानेज हा मुख्यतः वाद्यसंगीताचा गट. बासरी, क्लॅरिनेट, पियानो, गिटार, आणि त्यांच्या जोडीला झायलोफोन, व्हायब्राफोन, ग्लॉकेनश्पील. १९७५मध्ये त्यांचे दोन अल्बम आले, आधी त्यांच्याच नावाचा, मग "ले पोर्श". "ले पोर्श"ची पहिली बाजू म्हणजे "ले पोर्श द नोत्र-दाम" ही एकच रचना, एकोणीस मिनिटांची, आणि तिच्यात राऊल दुगेचा आवाज येतो. इतक्या वाद्यांचा असा मेळ मी दुसऱ्या कुठल्या रॉक गटात ऐकलेला नाही. यात कुणी कुणावर कुरघोडी करत नाही. क्लॅरिनेट एक ओळ सांगते, झायलोफोन तिचे तुकडे करून परत देतो, पियानो मध्येच तीच ओळ खालच्या सप्तकात उचलतो, आणि दोन मिनिटांनी तुम्हाला कळतं की हे सगळं एकाच सुरावटीचं चाललं आहे.

वेळ वाचावा म्हणून या बाजूवर ऑडॅसिटीचा क्लिक रिमूव्हल चालवला. मशीनने हजारो क्लिक काढले म्हणून सांगितलं. ऐकलं तर टकटक खरंच गेली होती, पण झायलोफोनही मंदावला होता. लाकडी काठी पट्टीवर पडते तो पहिला क्षण, ती ठसठशीत ठक, गायब. ग्लॉकेनश्पील कापडाखाली वाजवल्यासारखा. मशीनच्या दृष्टीने रेकॉर्डवरचा ओरखडा आणि झायलोफोनचा घाव यांच्यात फरक नाही, दोन्ही एका क्षणात उसळतात आणि विरतात. वाजवणाऱ्यांनी जे नेमकं वाजवलं होतं तेच मशीन धूळ समजून झाडत होतं.

मूळ फाइल ठेवलेली होती म्हणून वाचले. आता पद्धत अशी: फाइल स्पेक्ट्रोग्रामच्या दृश्यात उघडायची, जिथे वेळ आडवा आणि आवाजाची उंची उभी दिसते. ओरखडा तिथे तळापासून टोकापर्यंत सरळ उभी रेघ दिसतो, सुईने मारल्यासारखी. झायलोफोनच्या ठोक्यालाही उभी रेघ असते, पण तिच्या उजवीकडे स्वराच्या आडव्या पट्ट्या सुटलेल्या असतात, शेपटीसारख्या विरत जाणाऱ्या. शेपटी नाही ती टकटक. तेवढीच निवडायची आणि ऑडॅसिटीतलं रिपेअर चालवायचं. रिपेअर एका वेळी १२८ सॅम्पलपेक्षा जास्त घेत नाही, ९६ किलोहर्ट्झला म्हणजे सव्वा मिलिसेकंदाच्या थोडं वर. ही मर्यादा मला आवडते. तेवढ्यात संगीताला धक्का लागत नाही.

एका बाजूला एक अख्खी संध्याकाळ लागते. घाईचं काम नाही. आणि याचा फायदा असा की हाताने दुरुस्त करताना "ले पोर्श" मी जेवढ्या बारकाईने ऐकलं तेवढं आजवर कधी ऐकलं नव्हतं. आत्तापर्यंत जो एक झायलोफोन वाटत होता, ते एका ठिकाणी दोन वाद्यक आहेत, एक डाव्या बाजूला आणि एक उजव्या, आलटून पालटून ठोके देणारे.

नॉइज रिडक्शन तर लावूच नका. रेकॉर्डची हलकी सळसळ राहू द्या. ती काढायला गेलं की बासरीतली फुंकर जाते, मेलोट्रॉनच्या टेपचा श्वास जातो. हे अल्बम मंद जागांवर उभे आहेत. तिथे जे काही आहे ते सगळं ऐकायला मिळालं पाहिजे.

१८ जानेवारी

एत्सेतेरा, १९७६, त्यांचा एकमेव अल्बम. आवाजांची गुंफण जेंटल जायंटच्या वळणाची, आणि इथल्या श्रोत्यांनी जेंटल जायंटवर तेव्हा जीव टाकला होता. पण या गटाकडे एक गोष्ट होती जी त्या इंग्रज गटाकडे नव्हती: मारी बेर्नारचा ओंद मार्तनो. १९२८मध्ये पॅरिसमध्ये लोकांसमोर आलेलं हे इलेक्ट्रॉनिक वाद्य. पट्ट्या आहेत, पण बोटात अंगठी घालून तारेवरून ती सरकवली की सूर एकातून दुसऱ्यात घसरतो. मींड कानात मुरलेल्या माणसाला हे लगेच भिडतं.

माझ्या प्रतीत सूर हेलकावत होता. आधी वाटलं वाद्याचाच कंप आहे. मग पियानोही हेलकावतोय असं जाणवलं, आणि पियानो असा हलू शकत नाही. घड्याळ लावून पाहिलं: हेलकावा दर १.८ सेकंदांनी. ३३⅓ आरपीएमच्या रेकॉर्डला एक फेरा पूर्ण करायला नेमके १.८ सेकंद लागतात. म्हणजे रेकॉर्डचं मधलं छिद्र केंद्रापासून सरकलेलं. सुई वाजताना आर्मकडे पाहिलं तर ते प्रत्येक फेऱ्याला आत-बाहेर होत होतं.

उपाय: छिद्र गोल कानशीने एक-दोन हलके हात फिरवून किंचित मोठं केलं, रेकॉर्ड टर्नटेबलवर सैल ठेवली, आणि आर्मची हालचाल थांबेपर्यंत बोटाने ढकलत केंद्रावर आणली. वरून वजन ठेवून दाबली. भुसा उडतो, तो खाचेत जाऊ नये म्हणून लेबलभोवती टेप लावून मग कानस चालवावी, आणि नंतर रेकॉर्ड पुन्हा धुवावी. महागाच्या रेकॉर्डला कानस लावायला हात धजत नव्हता. पण हेलकावणारा पियानो आयुष्यभर ऐकण्यापेक्षा हे बरं. आता जो कंप उरला आहे तो मारी बेर्नारच्या बोटांचा आहे.

१ फेब्रुवारी

पोलेन आणि मोर्स कोड एका दिवसात उरकले, दोन्ही प्रती चांगल्या होत्या. पोलेनचाही एकच अल्बम, १९७६चा. शेवटची "ला फाम एले" दहा मिनिटांची आहे आणि तिच्यासाठी तरी हा अल्बम शोधाच. कीबोर्डवर आहे क्लोद लमे, जो पुढे कैक वर्षं सेलीन दियाँचा संगीत दिग्दर्शक होता.

मोर्स कोडचा "ला मार्श दे झोम", १९७५. यांनी आधी मोर्स कोड ट्रान्समिशन या नावाने इंग्रजीत गाऊन पाहिलं होतं. फ्रेंचमध्ये आल्यावर गाण्यांत जो जोर आला तो पहिल्या मिनिटात कळतो. माझ्या मते हे त्या काळाच्या क्यूबेकचं मर्म आहे: १९७६च्या १५ नोव्हेंबरला पार्ती केबेकवा हा क्यूबेकच्या स्वातंत्र्याची मागणी करणारा पक्ष निवडणूक जिंकला तेव्हा इथली तरुण पिढी आपल्या भाषेत सगळं काही करून पाहत होती, आणि रॉक त्यात मागे नव्हता. मराठी माणसाला हे समजावून सांगायला लागत नाही.

लेबलांकडे पाहताना एक गोष्ट नव्याने लक्षात आली. काही प्रतींवर छोटं वर्तुळ छापलेलं असतं, चार भागांचं, त्यात एम, ए, पी, एल. संगीत, कलाकार, निर्मिती, शब्द यांपैकी किमान दोन गोष्टी कॅनडाच्या असतील तर ते गाणं कॅनडियन म्हणून गणलं जाई, आणि १९७१पासून एएम रेडिओला तीस टक्के कॅनडियन संगीत वाजवणं बंधनकारक झालं. जुन्या दुकानात एखादी अनोळखी रेकॉर्ड हाती आली तर हे वर्तुळ शोधा. ते असलं तर संगीत इथलं आहे, हे पटकन कळतं.

८ फेब्रुवारी

स्लोश, "स्टाडाकोने", १९७६. नाव आलं आहे ते आजच्या क्यूबेक सिटीच्या जागी असलेल्या इरोक्वोइयन वस्तीवरून. दोन कीबोर्ड वादक, जॅझकडे झुकलेलं, वेगवान. ही रेकॉर्ड उतरवायला सोपी, कारण दाट वाजवलेलं आहे, टकटक सहज लपते. त्यांचा आधीचा "झनॉय", १९७५, अवघड. त्यातलं "ल कारेम देरोस" एकट्या पियानोने सुरू होतं आणि बराच वेळ पियानोच राहतो. माझ्या प्रतीत तिथेच एक लांब ओरखडा आहे, प्रत्येक फेऱ्याला लागणारा. दर १.८ सेकंदांनी एक ठोका. रिपेअरने सगळे काढले, पण दोन जागी ओरखडा इतका खोल होता की दुरुस्तीनंतर पियानोचा स्वर किंचित वाकडा ऐकू आला. तिथे दुरुस्ती परत घेतली आणि टक तशीच राहू दिली. दुसरी प्रत मिळाली तर फक्त तेवढे तुकडे तिच्यातून घेईन.

दुकानात ओरखडा तपासायची पद्धत इथल्या एका म्हाताऱ्या दुकानदाराने शिकवली. रेकॉर्ड दिव्याखाली तिरकी धरायची, आणि दिसणाऱ्या रेघेवरून नखाची कड अगदी हलकी आडवी न्यायची. नखाला काहीच लागलं नाही तर ओरखडा वरवरचा, बहुधा ऐकूही येणार नाही. नख अडखळलं तर रेकॉर्ड परत ठेवायची. हात स्वच्छ हवेत आणि नख खाचांवर घासायचं नाही, नुसतं टेकवायचं.

१५ फेब्रुवारी

टोरांटोच्या रेकॉर्डी.

एफएमचा "ब्लॅक नॉइज", १९७७. या त्रयीत गिटार नाही. नॅश द स्लॅश इलेक्ट्रिक व्हायोलिन आणि मँडोलिन वाजवतो, कॅमेरन हॉकिन्स सिंथेसायझर, बास आणि गायन, मार्टिन डेलर ड्रम. अल्बम सीबीसी या कॅनडाच्या सार्वजनिक प्रसारणसंस्थेसाठी ध्वनिमुद्रित झाला आणि आधी मोजक्याच प्रती टपालाने विकल्या गेल्या, मग १९७८मध्ये दुसऱ्या लेबलने तो दुकानांत आणला. माझी प्रत ही नंतरचीच आहे. मँडोलिनला इतका विद्युत-करकरीत आवाज देऊन गिटारची गरजच संपवणं हे त्या काळात धाडसाचं होतं, आणि ते अजूनही ताजं वाटतं.

त्याहून महत्त्वाची, उतरवणाऱ्याच्या दृष्टीने, त्यांची पुढची रेकॉर्ड: "डायरेक्ट टू डिस्क", १९७८. नॅश गट सोडून गेला होता आणि त्याच्या जागी बेन मिंक आला होता, जो पुढे गायिका के. डी. लँगसोबत नावाजला गेला आणि रशच्या "सिग्नल्स"मध्येही व्हायोलिन वाजवून गेला. इथे टेप वापरलेलीच नाही. कलाकार वाजवतात आणि त्याच क्षणी ते लॅकरचा लेप दिलेल्या तबकडीवर कोरलं जातं. चूक झाली तर पूर्ण बाजू पहिल्यापासून. त्यामुळे प्रत्येक बाजू एकच सलग रचना आहे. टेपची सळसळ नाही, आणि माझी प्रत जवळजवळ न वाजलेली. हेडफोनवर ऐकताना झांजेचा आवाज विरत जातो तो शेवटपर्यंत ऐकू येतो, कुठेही सळसळीत बुडत नाही. ही एक बाजू उतरवल्यावर मी सगळ्या यंत्रणेची कसोटी म्हणून तीच वापरते. काही बदललं, केबल, सुई, काहीही, की आधी ही वाजवून पाहायची. इथे घरघर ऐकू आली तर ती रेकॉर्डची असूच शकत नाही.

क्लाटूचा "होप", १९७७. यांच्या पहिल्या अल्बमवर वादकांची नावं नव्हती, त्यामुळे हे बीटल्सच वेश बदलून आले आहेत अशी अफवा १९७७मध्ये पसरली, आणि त्या अफवेने त्यांचं नुकसानच केलं. खरे होते टोरांटोचे तिघे: जॉन वोलोशुक, डी लाँग, टेरी ड्रेपर. "होप"मध्ये लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्रा आहे. माझी प्रत वाकलेली निघाली. दोन काचांमध्ये ठेवून वरून पुस्तकांचं वजन दिलं, खोलीच्याच तापमानाला. लोक ओव्हनमध्ये तापवतात ते करू नका, खाचा वितळतात. तीन आठवड्यांनी वाक निम्म्यावर आला आणि सुई उडायची थांबली. पूर्ण सरळ झालेली नाही, पण काम भागतं.

१ मार्च

कानो. सडबरी हे उत्तर ऑन्टारियोतलं निकेलच्या खाणींचं गाव, आणि तिथल्या फ्रेंच भाषकांच्या कलाकार-सहकारी संस्थेतून हा गट निघाला. क्यूबेकबाहेरचे फ्रेंच भाषक, चहूबाजूंनी इंग्रजी. १९७६चा "तू दाँ ल मेम बातो" आणि १९७७चा "ओ नॉर द नोत्र व्ही". लोकगीतं, व्हायोलिन आणि लांबच लांब रचना यांचा असा मिलाफ क्यूबेकमध्येही कमी सापडतो. गटाचा कणा असलेला आंद्रे पेमाँ १९७८च्या जानेवारीत वारला. "ओ नॉर द नोत्र व्ही" हे शीर्षकगीत रॉबर्ट डिक्सनच्या कवितेवरून. मला विचाराल तर या सगळ्या यादीत सर्वांत जास्त अन्याय झाला तो यांच्यावर. प्रॉगवाले त्यांना लोकसंगीत म्हणतात, लोकसंगीतवाले रॉक.

व्हायोलिनच्या वरच्या स्वरांवर सुई थोडी करकरत होती. अँटिस्केटिंग (आर्मला आत ओढणाऱ्या बलाला तोल देणारी सोय) अर्ध्या आकड्याने वाढवल्यावर उजवी बाजू साफ झाली.

८ मार्च

फाइलींची नावं. फ्रेंच उच्चारचिन्हं फाइलच्या नावात घातली तर गाडीतल्या प्लेअरवर चौकोन दिसतात, आणि एका बॅकअप डिस्कवर तर फाइल उघडेनाच. म्हणून फाइलचं नाव साधं, चिन्हांशिवाय, आणि अचूक फ्रेंच शीर्षक फाइलच्या आतल्या टॅगमध्ये. प्रत्येक बाजूच्या दोन फ्लॅक (आवाजाचा दर्जा न घटवता आकार कमी करणाऱ्या फाइली) ठेवते: एक अजिबात हात न लावलेली, एक दुरुस्त केलेली. उद्या याहून चांगली पद्धत हाती आली तर मूळ असायला हवी. बाजू तोडून गाणी वेगळी करते, पण अखंड बाजूही तशीच ठेवते, कारण "ले पोर्श" आणि "इस्त्वार साँ पारोल" तोडून ऐकायच्या गोष्टी नाहीत.

खर्च, रेकॉर्डी सोडून: सुई सर्वांत महाग, मग इंटरफेस, मग ह्युमिडिफायर. डिस्टिल्ड वॉटर, अल्कोहोल, पाकिटं, ब्रश मिळून शंभर डॉलरच्या आत. बजेट तोकडं असेल तर इंटरफेस साधा घ्या, पण सुईत आणि पाकिटांत हात आखडू नका. नवीन हात लावणाऱ्याने सुरुवात स्लोशच्या "स्टाडाकोने"ने करावी, ती चुका पोटात घालते. मानेज आणि हार्मोनियम सराव झाल्यावरच घ्या.

हार्मोनियमचा १९७६चा "लेप्ताद" बाकी आहे. दोन रेकॉर्डी, नील शोतेमच्या वाद्यवृंदासह. २०१६मध्ये मूळ टेपवरून नवी आवृत्ती निघाली, ती माझ्याकडे आहे, पण माझ्या जुन्या प्रतीची चौथी बाजू अजून धुवायची आहे.